आठवड्याला आठ तास आणि तोंडावर बीजीएमआयची स्पर्धा: सराव कशाचा करायचा, कशाचा सोडायचा

प्रश्न असा आहे. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, खेळणारा चौघांचा स्क्वॉड (संघ): एक लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टला, एक रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानात, एक कुडाळला कॉलेजात, चौथा हर्णैला घरच्या बोटीवर. एप्रिल संपत आलाय. क्वालिफायर जूनच्या पहिल्या आठवड्यात, घरून ऑनलाइन. वर गेलात तर फायनल रत्नागिरीत हॉलमध्ये. चौघे एकत्र बसू शकतात असा वेळ आठवड्याला जेमतेम आठ तास. तेवढ्यात रोज रँक पुश करून (गेममधली श्रेणी वाढवत) चौघांनी 'एस' ही वरची श्रेणी गाठायची आणि मग स्पर्धेत उतरायचं, हा बेत बरोबर आहे का?

नाही. रँकचा आणि स्पर्धेचा संबंध तुम्हाला वाटतो त्याहून फार कमी आहे. क्लासिकमध्ये, म्हणजे नेहमीच्या मॅचमध्ये, बॉट (गेमनेच चालवलेले खेळाडू) असतात, अर्धी लॉबी (मॅचमधले खेळाडू) पोचिंकी या गावात उतरून पहिल्या पाच मिनिटांत संपते, आणि चौथ्या सर्कलला (खेळायची जागा गोलात आकसत जाते, त्यातल्या चौथ्या टप्प्याला) नकाशावर मोजकी माणसं उरतात. स्पर्धेत १६ स्क्वॉड म्हणजे ६४ माणसं, सगळी खरी. तिथे चौथ्या सर्कललासुद्धा बहुतेक वेळा दहा-बारा स्क्वॉड तग धरून असतात. क्लासिकमध्ये मोकळ्या रानातून गाडी काढायची सवय लागते, कारण कुणी मारत नाही. तीच सवय स्पर्धेत पहिल्याच मॅचला चौघांना घेऊन बुडते. त्यामुळे पाच आठवडे रँकचं नाव काढू नका.

आधी पत्रकातली पॉइंट पद्धत बघा. सध्या बहुतेक ठिकाणी पहिल्या क्रमांकाला १०, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला १-१ अशी रीत आहे. नवव्यापासून खाली शून्य. प्रत्येक फिनिशला (मारलेल्या शत्रूला) १. आता हिशोब करा. सहा मॅच आहेत. एका संघाने एक चिकन डिनर (पहिला क्रमांक) आठ फिनिशसह काढलं, म्हणजे १८, आणि उरलेल्या पाच मॅचमध्ये लवकर मरून दोन-दोन फिनिश केले, म्हणजे १०. एकूण २८. दुसरा संघ एकही मॅच जिंकला नाही, पण सहाही वेळा पाचवा आला आणि दरवेळी पाच फिनिश केले. त्याचे प्रत्येक मॅचला ८, एकूण ४८. वेळ कमी असलेल्या संघाने कोणता संघ व्हायचं, ते या दोन आकड्यांतच आहे. पाचवं येण्यासाठी मनगटात जादू लागत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वाट आणि वेळेवर सुटलेला स्मोक (धुराचा बॉम्ब) एवढं लागतं, आणि हे पाच आठवड्यांत शिकता येतं. चार माणसांना एकट्याने उडवणारं एम (नेमबाजी) आजवर आलं नसेल, तर ते पाच आठवड्यांतही येणार नाही.

म्हणून तीनच गोष्टी: उतरण्यापासून गाडीत बसेपर्यंतचा भाग, दुसरं सर्कल दिसल्यानंतरचं रोटेशन (पुढच्या सर्कलमध्ये जागा बदलणं), आणि पन्नास ते शंभर मीटरवरची एक फाइट, स्मोक आणि रिव्हाइव्ह (पडलेल्या साथीदाराला उठवणं) यांसकट. स्नायपरचे शॉट, वेअरहाउसमधल्या वन-व्ही-वनच्या पैजा, नवीन आलेली बंदूक, हे सगळं जूनच्या मध्यापर्यंत बंद.

ड्रॉपची (विमानातून उतरायची) जागा पहिल्याच आठवड्यात पक्की करा आणि मग बदलू नका. एरँगल या नकाशावर मिलिटरी बेस घेऊ नका. लूट भरपूर आहे, पण बेटावरून बाहेर यायला दोन पूल, नाहीतर बोट किंवा पोहणं. सर्कल उत्तरेला गेलं की पुलाच्या तोंडावर कोणीतरी गाड्या आडव्या लावून बसलेला असतो. पुलाचा कॅम्प फोडणं हा स्वतंत्र अभ्यास आहे आणि तुमच्याकडे त्याला वेळ नाही. पोचिंकी नको, कारण खुल्या क्वालिफायरमध्ये तिथे तीन-तीन संघ हटकून उतरतात. झार्कीसारखा कोपरा निवांत वाटतो, पण सर्कल समोरच्या टोकाला गेलं की अख्खा नकाशा ओलांडावा लागतो. लिपोव्का, गटका किंवा स्टाल्बर यांच्या दर्जाची जागा घ्या. लूट मध्यम, भांडण कमी, आणि मुख्य म्हणजे रस्ता जवळ. जागा निवडताना लुटीपेक्षा गाड्या मोजा. गाडी दरवेळी मिळतेच असं नाही, पण जिथे मिळते त्या जागा ठरलेल्या असतात. अनरँक्ड मॅचमध्ये उतरून चौघांनी चार बाजूंनी तपासा आणि निदान पाच-सहा जागा नकाशावर टिपून ठेवा. दोन गाड्या मिळाल्याशिवाय निघायचं नाही. एकाच गाडीत चौघे बसले की एका स्प्रेमध्ये (सलग गोळीबारात) मॅच संपते.

घरंही वाटून घ्या. कुठल्या घराच्या कितव्या मजल्यावर कोण, हे ठरलं की साडेतीन-चार मिनिटांत लूट संपते. न ठरवता उतरलात तर सात-आठ मिनिटं जातात, आणि पुढचं सगळं त्या चार मिनिटांच्या उशिराने बिघडतं. निघताना प्रत्येकाकडे काय हवं तेही ठरवा. बंदुकीच्या १८० ते २०० गोळ्या, तीन-चार फर्स्ट एड, चार-पाच ड्रिंक, तीन स्मोक, दोन नेड (हातबॉम्ब). नवखा गडी ३०० गोळ्या भरतो आणि स्मोक एकच उचलतो. मग शेवटच्या सर्कलला २२० गोळ्या तशाच क्रेटमध्ये राहतात.

मिरामार या नकाशाचं वेगळं सांगण्यासारखं एवढंच, की तिथे गाडीशिवाय जगता येत नाही आणि दोन टेकड्यांमधल्या खळग्यातून जाण्यापेक्षा टेकडीच्या पाठीने लांबचा वळसा परवडतो. पेकाडोत उतरायचा मोह टाळा. पत्रकात सॅनहॉक किंवा रोंडो असेल तर तिथे एक जागा आणि दोन वाटा ठरवून सोडा. सगळे नकाशे सारखेच घोटायला आठ तास पुरत नाहीत.

आता रोटेशन. इथे कमी वेळाचा संघ सगळ्यात जास्त पॉइंट कमावतो, आणि सुदैवाने याचा अर्धा सराव मोबाइल न खेळताच होतो. कुडाळच्या गड्याला मे महिन्याची सुट्टी आहे, त्याने रोज सकाळी व्हॉट्सॲपवर नकाशाचा एक स्क्रीनशॉट टाकायचा. त्यावर विमानाची रेघ, तुमचा ड्रॉप आणि पहिली दोन सर्कल काढलेली असतील. बाकीच्या तिघांनी डब्याच्या सुट्टीत त्यावर आपली वाट रंगवून परत पाठवायची: कुठून निघणार, कुठल्या आवारात थांबणार, ते आधीच भरलेलं असेल तर दुसरी जागा कुठली. बोटीवरच्या गड्याने बंदरात आल्यावर पाठवली तरी चालेल. तिघांच्या वाटा वेगळ्या आल्या तर रात्री पाच मिनिटं त्यावर बोला. पंधरा दिवसांत तिघांच्या वाटा जुळायला लागतात, आणि मॅचमध्ये आयजीएलला (संघाला कॉल देणाऱ्या कप्तानाला) 'चला' एवढंच म्हणावं लागतं.

नियम साधा ठेवा. दुसरं सर्कल दिसल्यापासून तीस सेकंदांत गाड्या सुटल्या पाहिजेत. सर्कलच्या मध्याजवळचं एखादं आवार किंवा उंचवटा लवकर धरायचा आणि तिथून दुसऱ्यांना येऊ द्यायचं. कडेकडेने फिरत बाहेरचे संघ साफ करत आत शिरणं दिसायला भारी असतं. पण त्याला कोणता संघ कुठे बसलाय याची पक्की माहिती लागते, आणि ती रोज चार तास स्क्रिम (संघासंघांतल्या सरावाच्या मॅच) खेळणाऱ्यांकडे असते. तुमच्याकडे नसेल. धरलेली जागा पुढच्या सर्कलबाहेर गेली तर वाट बघत बसू नका, निळी भिंत (सर्कलची सरकणारी हद्द) हलायच्या आधी हला. शेवटच्या क्षणी निघालेले सगळे एकाच मोकळ्या जागेत एकमेकांना सापडतात.

फाइटचा सराव मात्र हाताला धरूनच करावा लागतो. ट्रेनिंग ग्राउंडवर एम फोर वन सिक्स ही बंदूक, तिला कॉम्पेन्सेटर, ग्रिप आणि थ्री एक्स दुर्बीण. शंभर मीटरवरच्या टार्गेटवर एका दमात तीस गोळ्या. क्रॉसहेअर वर चढत असेल तर थ्री एक्सची जायरो सेन्सी (फोन कलवून नेम धरायची संवेदनशीलता) १० ते १५ टक्क्यांनी वाढवा, खाली बुडत किंवा आजूबाजूला थरथरत असेल तर तेवढीच कमी करा. पहिले दोन आठवडे काय ते बदल करा, नंतर सेन्सी आणि कंट्रोल्सना हात लावायचा नाही. यूट्यूबवर कुणाचा तरी कोड सापडला म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात लेआउट बदलणारे दरवर्षी दिसतात आणि दरवर्षी पहिल्या दिवशी बाहेर पडतात. मग पाच मिनिटं नेड: पिन काढून दोन सेकंद हातात धरून, भिंतीपलीकडे, खिडकीतून. नेड हा गरिबाचा एम आहे. ज्याचा स्प्रे कच्चा आहे त्याने नेड पक्का करावा.

स्मोक-रिव्हाइव्हची कवायत चौघांनी मिळून करा. रिव्हाइव्हला १० सेकंद लागतात, आणि उघड्यावर १० सेकंद म्हणजे दुसरा नॉक (आणखी एक गडी जखमी होऊन पडणं). क्रम असा: नॉक झालेला स्वतः सरपटत जवळच्या आडोशाला जातो, सपोर्ट (साथीदारांना मदत करायचं काम असलेला गडी) पहिला स्मोक शत्रू आणि नॉक झालेला यांच्या मध्ये टाकतो, दुसरा पाच-सात मीटर बाजूला. धूर पसरेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं, मगच आत जायचं. तोवर उरलेले दोघे शत्रूकडे गोळीबार चालू ठेवतात. बहुतेक संघ उलट करतात. आधी धावतात, मग स्मोक काढतात, आणि तोही नॉक झालेल्याच्या डोक्यावर. मग धुरात नेमकं कुठे नेड टाकायचं हे समोरच्याला आयतंच कळतं.

वेळापत्रक असं बसेल. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सव्वा-सव्वा तास, रविवारी तीन तास. स्पर्धा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला बसा. क्वालिफायर रात्री नऊला असेल तर सरावही नऊला. आठवड्याच्या मधल्या दिवशी स्क्रिमचा स्लॉट घेऊ नका. स्लॉट सहसा तीन मॅचचा असतो आणि एक खेळून निघून गेलात तर आयोजक पुढच्या वेळी दारात उभं करत नाहीत. त्याऐवजी ट्रेनिंग ग्राउंडवर दहा मिनिटं, मग दोन अनरँक्ड मॅच, पण फक्त तिसऱ्या सर्कलपर्यंत. तिथवर साधारण पंधरा-अठरा मिनिटं जातात. त्यानंतर जो स्क्वॉड जवळ असेल त्यावर सरळ जायचं. जिंकलात तर फाइटचा सराव, मेलात तर वेळ वाचला. उरलेल्या वेळात स्मोकची कवायत. हात गरम करायला एखादी टीडीएम (दोन संघांची छोटी समोरासमोरची मॅच) चालेल, ती चाळीस किलला किंवा दहा मिनिटांत संपतेच. दुसरी लावू नका, कारण टीडीएममध्ये मेल्यावर परत जिवंत होता येतं आणि अंगात तोच निष्काळजीपणा भिनतो.

रविवारी पूर्ण स्क्रिम, तीन मॅच, आणि मग पाऊण तास फक्त बघणं. रेकॉर्डिंग एकानेच करायचं, ज्याचा फोन सर्वांत चांगला त्याने, ७२० पीवर. चौघांनी केलं तर चौघांचे फोन तापतात. पूर्ण मॅच बघत बसू नका. प्रत्येक मॅचमध्ये पहिला नॉक कधी झाला तिथून एक मिनिट मागे जा आणि कारण एका शब्दात वहीत लिहा: लँडिंग, रोटेशन, रिव्हाइव्ह, थर्ड पार्टी (दोघांच्या भांडणात शिरलेला तिसरा संघ), झोन (सर्कलबाहेर अडकणं). चार रविवारांच्या बारा मॅच झाल्या की एक शब्द वहीत सगळ्यात जास्त वेळा दिसेल. शेवटच्या आठवड्यातला सगळा सराव त्या एकाच शब्दाचा. कुणी किती किल केले याचा तक्ता ठेवू नका, त्याने फक्त भांडणं होतात.

कॉल देण्याची रीत पहिल्या दिवशी ठरवा. वरच्या कंपासचा आकडा, खूण, किती माणसं, काय अवस्था: 'टू सिक्स फाइव्ह, लाल छपराच्या मागे, दोन, एक नॉक.' आकडे एकेक करून इंग्रजीत बोला. घाईत 'पासष्ट' आणि 'पंचाहत्तर' यांत गफलत होते. आणि 'थंय बघ, थंय!' हा कॉल नव्हे. फाइट चालू असताना बोलणारे दोघेच: आयजीएल आणि ज्याला शत्रू दिसतोय तो. नॉक झालेल्याने तोंड बंद ठेवायचं, कसा मेलो ते रविवारी सांगायचं.

आता नेट आणि लाइट. कोकणातल्या संघांचं निम्मं नुकसान इथे होतं आणि सरावाचा आराखडा करताना याचा विचार कुणी करत नाही. पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) सरासरी आकडा चांगला दिसतो म्हणून खूश होऊ नका. पिंग तपासणारं कुठलंही ॲप घ्या आणि रात्री नऊ ते अकरामध्ये शंभर पिंग सोडा. त्यातला सर्वांत मोठा आकडा किती आणि किती पॅकेट गळले ते बघा. कायम ७० असलेली लाइन चालते. ३० वरून मध्येच ३०० ला उडी मारणारी चालत नाही, कारण तुम्ही आडोशामागे गेलेले असता आणि सर्व्हरच्या हिशोबाने अजून उघड्यावरच असता. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचं, फार कमी पार होतं. राउटर माजघरात आणि तुम्ही मागच्या खोलीत असाल तर राउटर हलवा नाहीतर तुम्ही हला. मोबाइल डेटावर खेळणाऱ्याने पडवीत किंवा माडीवर बसावं, पण पत्र्याखाली नको. पाऊस आला की माइकमधून तिघांना फक्त पत्रा ऐकू येतो.

मिरगाच्या तोंडावर वारे सुटले की लाइट जाणार, हे धरूनच चाला. घरच्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे असतात, राउटरचा बोर्ड बरेचदा नसतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर चालले पाहिजेत. एवढं करूनही गावातल्या केबलवाल्याच्या जोडणीला बॅटरी नसेल तर तुमची लाइन त्याच्या लाइटीबरोबर जाणार, तेव्हा त्याला आधीच विचारा. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये डेटासकट तयार ठेवा आणि वायफायवरून डेटावर जायची तालीम एका सरावात मुद्दाम करा: मध्येच राउटर बंद करायचा आणि किती सेकंदांत परत आत येता ते बघायचं. आणखी एक, रत्नागिरीहून सुट्टीला निघालेल्याने कोकण रेल्वेत बसून मॅच लावू नये. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात स्क्वॉड तिघांचा होतो.

मे महिन्याचा उकाडा फोनलाही लागतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि ते नेमकं शेवटच्या सर्कलला घडतं, कारण तोवर अर्धा तास झालेला असतो. नव्वद एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) लावून पंचेचाळीसवर घसरण्यापेक्षा स्मूथ ग्राफिक्सवर कायम साठ बरं. कव्हर काढा, ब्राइटनेस उतरवा, चार्जिंगला लावून खेळू नका, टेबलफॅन फोनच्या पाठीवर घ्या. दमट हवेत बोटं चिकटतात. फिंगर स्लीव्ह वापरणार असाल तर आत्तापासून वापरा, कारण स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घातलेली स्लीव्ह बोटाचा वेग बदलते.

पाचवा गडी आजच शोधा. नियमात बदली खेळाडू चालत असेल तर त्याचं नाव नोंदणीतच घाला. शिफ्ट बदलली, घरात आंबा उतरवायचा राहिला, बोट उशिरा लागली, यातलं काहीतरी एकदा होणारच. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे हर्णैचा गडी ऐन क्वालिफायरला मोकळा असेल. अडचण मे महिन्याची आहे, त्या काळात बदलीवाला त्याच्या जागी खेळेल. बदलीवाल्याला सपोर्टचंच काम द्या. आयजीएल गैरहजर असेल तर कॉल कोण देणार हेही ठरवून ठेवा. सरावाच्या नावाखाली पैसे लावून खेळायला बोलावणाऱ्या टेलिग्राम ग्रुपांच्या वाटेला जाऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून चालणाऱ्या गेमवर बंदी आणली आहे, आणि तिथला सरावही काही कामाचा नसतो.

क्वालिफायरच्या आधी दोन दिवस: गेमचं अपडेट, पत्रकातल्या सगळ्या नकाशांचे रिसोर्स पॅक चौघांच्या फोनवर उतरलेत का ते एकेक नकाशा उघडून बघा. मिरामारचा पॅक नसलेला गडी रूम (स्पर्धेची खासगी मॅच) सुरू होताना कळतो. नोंदणीतलं गेममधलं नाव आणि आयडी नंबर बदलायचा नाही. रूमचा आयडी-पासवर्ड बहुतेक दहा-पंधरा मिनिटं आधी येतो. दिलेल्या स्लॉटमध्येच बसा, दुसऱ्याच्या स्लॉटवर बसल्याने संघ बाद झालेले आहेत.

फायनल हॉलमध्ये आहे, म्हणून शेवटचे दोन आठवडे खुर्चीवर टेबलासमोर बसून खेळा. गादीवर आडवं पडून जायरो वापरणाऱ्याचा नेम खुर्चीवर बदलतो. टॅबलेट आणि फोनला लावायचे ट्रिगर मोबाइलच्या स्पर्धांत सहसा चालत नाहीत, तेव्हा त्यांची सवय असेल तर आजच मोडा. इअरफोन वायरचा घ्या. ब्लूटूथने पावलांचा आवाज उशिरा येतो आणि हॉलमध्ये शेकडो ब्लूटूथ एकमेकांत अडकतात. फोनला टाइप सीचं एकच भोक असेल तर चार्जिंग आणि इअरफोन दोन्ही चालवणारा जोड घ्या आणि घरी पूर्ण तीन मॅच त्यावर काढून बघा. स्वस्त जोड माइक बंद पाडतात. चौघांच्या फोनला लागणारा चार्जर, एक एक्स्टेंशन बोर्ड, फोन पुसायला कोरडा सुती रुमाल आणि ओळखपत्रांच्या मूळ प्रती आदल्या रात्री पिशवीत भरा. लोटे आणि कुडाळवाल्यांनी शक्यतो आदल्या रात्रीच रत्नागिरीत मुक्काम करावा. जूनमध्ये लोट्याकडून येताना परशुराम घाटात झाड आडवं पडलं की दोन तास गाडी हलत नाही.